दिवाळीत उठलेलं पुरळ आणि अकराशे लिटर पाणी

भाऊबीजेच्या दुपारी काकूंचा फोन आला. एरवी आधी "जेवलास का?" विचारणाऱ्या काकू त्या दिवशी थेट मुद्द्यावर आल्या. "अरे, पोरांच्या अंगावर पुरळ उठलंय. लाल लाल पुटकुळ्या, आणि खाज. सहाच्या सहा जणांना. आणि बघ, जिथे पोहण्याचे कपडे होते तिथेच जास्त आहे. त्या जकूझीचंच काहीतरी आहे, असं मला वाटतंय."

काकूंचं ते एक वाक्य, "कपड्याखालीच जास्त", माझ्यासाठी पुरेसं होतं. मी गेली चौदा वर्षं पुणे आणि मुळशी भागात पोहण्याचे तलाव आणि जकूझी, म्हणजे जेटमधून पाणी-हवेचे झोत सोडणारे गरम पाण्याचे टब, यांचं पाणी सांभाळतो. काकूंच्या कोथरूडच्या सोसायटीतला तलाव माझ्याकडे आहे, ओळख तिथली. त्यांच्या मुळशीतल्या बंगल्यावरचा टब मात्र मी कधी पाहिला नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी काकांच्या कमरेच्या दुखण्यासाठी बसवला होता. पाच जणांचा ॲक्रिलिकचा टब, ११०० लिटर पाणी, टेरेसवर पत्र्याच्या शेडखाली.

फोनवरच चार गोष्टी सांगितल्या. कुणीही टबात उतरायचं नाही. जेट आणि हीटर बंद, झाकण लावून ठेवा. पाण्यात काहीही टाकू नका आणि मी येईपर्यंत पाणी सोडूनही देऊ नका. मुलांना आजच डॉक्टरांना दाखवा आणि "गरम पाण्याच्या टबात बसली होती" हे आठवणीने सांगा. हे शेवटचं फार महत्त्वाचं असतं, कारण नाहीतर असं पुरळ घामोळं किंवा फटाक्यांच्या धुराची ॲलर्जी म्हणून निघून जातं. काकू मुलांना घेऊन गेल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केलं ते केसांच्या मुळांना झालेल्या संसर्गाचं. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू त्यामागे बहुधा असतो. पाण्यातून निघाल्यावर काही तासांपासून काही दिवसांत पुटकुळ्या येतात आणि ओला कपडा अंगाला घट्ट बसून राहतो तिथे जास्त येतात. निरोगी माणसाचं पुरळ बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातं. या मुलांचंही गेलं.

पुरळ ही त्यातल्या त्यात सौम्य खूण. जेट बंद करायला सांगितलं ते वेगळ्याच भीतीपोटी. ज्या पाण्यात स्यूडोमोनास वाढतो, त्यात लीजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणूही वाढू शकतो, आणि तो त्वचेतून नाही, जेटच्या बुडबुड्यांनी उडालेल्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता मांडून ठेवलेला एक जकूझी चालू होता. त्याच्या शेजारून चालत गेलेली माणसं आजारी पडली, तीसच्या आसपास दगावली. काका सत्तरीचे आहेत. त्यामुळे दोन आठवडे कुणाला खोकला-ताप येतोय का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सुदैवाने कुणाला आला नाही.

झाकण उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडच्या पुढे गेलो. बंगल्याची देखभाल करणारे मामा फाटकातच उभे होते. साठीचे, शेजारच्याच गावचे. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी घरात कुणीतरी त्यांना बोललं असावं हे न सांगताही कळत होतं.

"सायेब, म्या पावडर टाकत होतो. एक डाव चुकलो नाय."

त्यांचं हे म्हणणं खरं होतं, आणि पुढची सगळी तपासणी त्या एका वाक्याभोवतीच फिरली.

झाकण उचललं तेव्हा नाकात शिरला तो उग्र, डोळे चुरचुरणारा वास. सार्वजनिक तलावावर येतो तसा. काकू मागून म्हणाल्या, "एवढा क्लोरिनचा वास येतोय, म्हणजे क्लोरिन तर भरपूर आहे ना?" हा समज इतका पक्का बसलेला आहे की मी दर वेळी थांबून समजावतो. पाण्यात मोकळा क्लोरिन असतो तेव्हा वास अगदी मंद असतो. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरिन अर्धवट जोडला गेला की क्लोरामाइन तयार होतात. डोळे झोंबवणारा वास त्यांचा. म्हणजे उग्र वास येतोय याचा अर्थ क्लोरिन कमी पडतोय.

पाणी राखाडी झाक असलेलं. तळाचा दिवा दिसत होता, पण धुक्यातल्या दिव्यासारखा. बोटाने कड घासली तर पाण्याच्या रेषेवर बुळबुळीत तेलकट वेढा. त्याच्या खाली हाताला खरखरीत लागणारा पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा क्षार.

मग मामांबरोबर मागच्या खोलीत गेलो आणि तिथे माझ्या छातीत धस्स झालं. फळीवर टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) या क्लोरिनच्या पावडरीची बादली, तिला लागून ब्लिचिंग पावडरची उघडी पिशवी, आणि दोन्हींसाठी स्टीलची एकच वाटी. वाटीच्या तळाला पांढरी पूड चिकटलेली. ती कुठल्या डब्यातली, ते सांगता येत नव्हतं. टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर दोन्ही क्लोरिनच देतात, पण एकमेकांत मिसळली आणि त्यात जरासं पाणी लागलं की आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो, विषारी वायू सुटतो. ब्लिचिंग पावडर विहिरीसाठी आणली होती. टबाच्या पाण्याचं राहू द्या, सगळ्यात आधी आम्ही ती पिशवी उचलून दुसऱ्या खोलीत नेली. वाटी बादलीभर पाण्यात बुडवून, धुऊन टाकून दिली. मामांना मी तिथेच सांगितलं, "मामा, एका औषधाचा चमचा दुसऱ्याला कधीच लावायचा नाही. ओला हातही डब्यात घालायचा नाही." कुणीतरी हे दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. टब बसवून देणाऱ्यांनी बादली दिली, "आठवड्यातनं दोनदा एक चमचा" एवढं सांगितलं, आणि वर "ओझोन बसवलाय, तसं औषध लागतच नाही" असंही सांगून गेले. ओझोन चांगला असतो, पण तो पाण्यात टिकून राहत नाही. टबात बसलेल्या माणसाच्या अंगावरून सुटलेला जंतू शेजारच्या माणसापर्यंत पोचायच्या आत मारायचा, तर पाण्यात सतत काहीतरी शिल्लक असावं लागतं. ते काम क्लोरिन किंवा ब्रोमिनचंच.

काळा ठिपका

पाणी तपासायच्या पट्टीवर बघितलं तर क्लोरिन ५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅम. पट्टीच्या बाटलीवरच्या तक्त्यात हा रंग "ठीक" या खान्यात येतो. मामा रोज हेच बघत होते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा निकष सांगतो की गरम टबात मोकळा क्लोरिन किमान ३ पीपीएम हवा आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, ७.० ते ७.८. म्हणजे कागदावर क्लोरिन पास झाला होता. मग सहा मुलांच्या अंगावर पुरळ कुठून आलं?

पीएच निघाला ८.२. क्लोरिनचा जंतू मारणारा जोमदार भाग म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड. पीएच ७.५ ला तो साधारण निम्मा असतो, ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा उरतो. बाकीचा क्लोरिन पाण्यात असतो, पट्टीवर दिसतो, पण त्याचा मारा मंद असतो. पीएच चढला होता तो जेटमुळे. जेट हवा घुसळतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो. सोड्याची बाटली उघडून हलवली की फसफस निघून जाते, तसंच. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवायची ताकद, जितकी जास्त, तितका तो वर ओढला जातो. इथे अल्कलिनिटी होती २५०, टबासाठी ८०च्या आसपास हवी. कॅल्शियमचा कठीणपणा ५००.

पण एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. टीसीसीएची बादली बघितल्यावर मला दुसरीच शंका होती, आणि तिच्यासाठी पट्टी उपयोगाची नाही, ठिपक्याची नळी लागते.

ही काचेची उभी, अरुंद नळी. तळाला काळा ठिपका. टबाचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण समप्रमाणात एका बाटलीत घेऊन हलवायचं. पाण्यात सायन्युरिक ॲसिड (टीसीसीएतून मागे उरणारं रसायन) असेल तर ते दुधाळ होतं. मग वरून नळीत बघत हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. नळीवर तिथे जो आकडा, तेवढं सायन्युरिक ॲसिड. मी मामांना बोलावलं. "तुम्हीच बघा वरून. ठिपका गेला की सांगा." मामा एक डोळा मिटून वाकले. मी चार थेंब ओतले असतील नसतील, मामा म्हणाले, "गेला." नळीवरचा सगळ्यात खालचा, १००चा आकडाही अजून ओला झाला नव्हता. निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा केलं आणि दुप्पट धरलं तेव्हा हिशोब लागला, ११०च्या आसपास.

टीसीसीएचा रेणू म्हणजे सायन्युरिक ॲसिडला बांधलेला क्लोरिन. क्लोरिन खर्च होतो, सायन्युरिक ॲसिड पाण्यात तसंच राहतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. १ पीपीएम क्लोरिनमागे साधारण ०.६ पीपीएम साठत जातं. उघड्या तलावात थोडंसं असलेलं चांगलं, कारण ते उन्हापासून क्लोरिनला जपतं. पण जपतं म्हणजे धरून ठेवतं. प्रमाण वाढलं की क्लोरिनचा फार मोठा भाग त्याला चिकटून बसतो आणि जंतूंच्या वाट्याला कणभर येतो. तपासणीच्या रसायनाला मात्र तो चिकटलेला क्लोरिनही "मोकळा" म्हणूनच दिसतो. म्हणूनच सीडीसी गरम टबात सायन्युरिक ॲसिड वापरूच नका असं सांगते. हा टब तर शेडखाली, वर झाकण. त्याला ऊन लागतच नव्हतं.

११०० लिटरमध्ये १० ग्रॅम टीसीसीए टाकला की जवळपास ५ पीपीएम सायन्युरिक ॲसिड वाढतं. नागपंचमीच्या सुमारास टब भरलेला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एक शिगोशीग चमचा. गुणाकार करून बघितला तर आकडा बरोबर शंभराच्या पुढे येत होता. मामा एक डाव चुकले नव्हते, आणि टाकलेला प्रत्येक चमचा पुढच्या चमच्याची धार बोथट करत होता.

मी हे काका-काकूंसमोर मुद्दाम मामांना जवळ बसवून सांगितलं. काका काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी सांगितलेलं केलं, आणि आपण त्यांना चुकीचं सांगितलं." पुढची गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. वीजबिल फार येतं म्हणून सोमवार ते गुरुवार टबाचा मेन स्विच बंद ठेवायला त्यांनीच मामांना सांगितलं होतं.

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. क्लोरिनचा घोळ नसता तरी या स्विचनं आज ना उद्या दगा दिलाच असता. टबाच्या भांड्यात दिसतं ते पाणी सोपं असतं. कठीण असतात त्या कवचाच्या मागच्या नळ्या: जेटच्या, हवेच्या, पंपापासून हीटरपर्यंतच्या. पंप चार दिवस बंद, नळ्यांत कोमट पाणी स्तब्ध, क्लोरिन पोचत नाही. जीवाणू नळीच्या आतल्या अंगाला चिकटतात आणि भोवती चिकट पापुद्रा विणतात. या पापुद्र्याच्या आत ते सुरक्षित असतात. शुक्रवारी संध्याकाळी पंप चालू झाला की त्यातले तुकडे सुटून टबात येतात, तेव्हा आत काका बसलेले असतात.

चतुर्दशीची सकाळ

मग दिवाळीतच का? आधी का नाही?

घरात नऊ माणसं जमली होती. नरकचतुर्दशीला पहाटे मुलांना तेल लावलं, घरी कुटलेलं उटणं लावलं, कारीट फोडून झालं. बाथरूममध्ये घाईघाईत दोन तांबे अंगावर ओतले आणि बाहेर थंडी, वर वाफाळता टब! सहा मुलं तेलकट अंगानं थेट आत. काकू हे सांगताना कळवळल्या, पण मी त्यांना म्हटलं, काकू, कुठल्याही घरात हेच झालं असतं.

आकड्यांत बघू. सोसायटीच्या साठ हजार लिटरच्या तलावात चार जण उतरले तर प्रत्येकामागे १५,००० लिटर पाणी येतं. या टबात चार जण बसले तर प्रत्येकामागे २७५. पंचावन्न पट कमी. वर पाणी ३९ अंशांचं, माणूस घामाघूम. त्यात तेल आणि डाळीचं पीठ घातलेलं उटणं, म्हणजे क्लोरिनला खायला आयतं अन्न. होता नव्हता तो जंतू मारणारा क्लोरिन त्या पहिल्या अर्ध्या तासात संपला असणार. फिल्टर तेलानं चोंदला, पाण्याचा प्रवाह कमी झाला, पॅनेलवर फ्लोचा एरर येऊन हीटर आपोआप बंद पडला. पाणी ३५-३६ अंशांवर आलं. मुलांना तेच जास्त आवडलं, आणि जीवाणूंनाही तेच हवं असतं. त्या दिवशी आणि पाडव्यालाही मुलं दिवसातून दोन-दोनदा बसली.

फिल्टरचं काडतूस बाहेर काढलं ते मला बराच काळ आठवेल. घड्याघड्यांचं पांढरं कापड असतं हे. इथे प्रत्येक घडीच्या पोटात पिवळट लगदा, आणि त्याला नागरमोथा-कचोऱ्याचा वास अजून येत होता. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून त्यात काडतूस बुडवलं आणि बघता बघता बादलीतलं पाणी लालभडक झालं. काकू दचकल्या. पण ते हळदीचं होतं. हळद अल्कलीत गेली की लाल होते, चुन्याबरोबर तिचं कुंकू होतं तसं. एका अर्थी त्या बादलीनंच सांगितलं की उटण्यातली किती हळद फिल्टरमध्ये गेली होती.

(काडतुसाबद्दल एक सांगून ठेवतो. आधी तेल काढायचं, मग क्षार. उलट केलं आणि तेलकट कापडावर ॲसिड टाकलं तर तेल धाग्यांत घट्ट बसतं आणि काडतूस वाया जातं.)

नळ्या धुतल्या तो दिवस

जुनं पाणी वाचवायचा प्रयत्न करायचाच नाही असं मी ठरवलं. सायन्युरिक ॲसिड काढून टाकायचं घरगुती औषध म्हणजे पाणी बदलणं. पण जुनं पाणी सोडायच्या आधी त्याच पाण्यात नळ्या धुण्याचं द्रावण घातलं, हवेचे सगळे कान (जेटमध्ये हवा सोडायच्या चाव्या) उघडले आणि जेट पूर्ण जोरात सोडले. पहिली पाच मिनिटं फक्त फेस आला. मग जेटच्या तोंडातून करड्या-तपकिरी पापुद्र्यांचे तुकडे निघायला लागले. पाण्यात भिजलेल्या पापडाच्या कडेसारखे, बोटात धरले तर शेंबडासारखे निसटणारे. पायाकडच्या जेटमधून सगळ्यात जास्त. मामा गाळणीनं काढत राहिले, मी पाण्याच्या रेषेवरचा वेढा पुसत राहिलो. तासाभराने पाणी चहासारखं झालं होतं. काका हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. दोन वर्षं आपण यात बसत होतो, एवढंच ते म्हणाले.

ते सोडून दिलं. टब स्वच्छ पाण्यानं पुन्हा भरला आणि २० पीपीएम क्लोरिन केला. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २२० मिली लागलं. जेट तासभर चालवून रात्रभर तसंच ठेवलं, झाकण अर्धवट उघडं, टेरेसला कुलूप. सकाळी क्लोरिन फारसा उतरला नव्हता. रात्रभरात क्लोरिन कोसळला असता तर नळ्यांत अजून घाण आहे असं समजून पुन्हा धुतलं असतं. मग तेही पाणी सोडलं.

म्हणजे दोन टब पाणी गेलं आणि तिसरा भरायचा होता. उन्हाळ्यात ज्या भागात टँकर येतात तिथे हे करताना जिवावर येतं. धुण्याचं पहिलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत गेलं. क्लोरिनचं दुसरं पाणी मामांनी रिकाम्या ड्रमांत भरून चार दिवस उन्हात उघडं ठेवलं, पट्टीवर शून्य आल्यावर गाड्या आणि अंगण धुवायला वापरलं. क्लोरिन असलेलं पाणी झाडांना, विहिरीत किंवा ओढ्यात कधीच सोडू नये. बेडूक-मासे थोड्याशा क्लोरिननंही मरतात.

नवं पाणी

बंगल्याचं पाणी बोअरवेलचं. बेसॉल्टच्या भेगांतून आलेलं: पीएच ७.४, अल्कलिनिटी २६०, कॅल्शियमचा कठीणपणा ४२०. पिऊन बघितलं तर गोड, पण गरम करून घुसळायला वाईट. पुणे शहरात धरणाचं पाणी भरणाऱ्यांना नेमकी उलटी अडचण येते. ते पाणी मऊ, आणि त्यात कॅल्शियम वाढवावं लागतं.

पाणी क्षार बसवेल की उलट धातू खाईल, हे ठरवायला एक बेरीज आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या विल्फ्रेड लँजेलिअर यांनी १९३६ साली ती मांडली. पीएच आणि तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी यांच्यासाठी तक्त्यात दिलेले आकडे मिळवायचे आणि १२.१ वजा करायचे. उत्तर शून्याच्या आसपास हवं. (जकुझी बंधूंचा कारखानाही त्याच बर्कलीत होता. त्यातल्या कँडिडो जकुझींनी संधिवातानं आजारी असलेल्या आपल्या लहान मुलासाठी टबात सोडायचा पंप बनवला आणि तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली. दुखणाऱ्या शरीराला आराम मिळावा म्हणून जन्मलेली वस्तू आहे ही, म्हणून तिचं पाणी आजारपण देतं तेव्हा मला जास्त लागतं.) जुन्या पाण्याची बेरीज दीडच्याही वर येत होती. हीटरवर क्षार का बसला ते त्यात आलं. हीटरचा एलिमेंट काढला तर बोटभर जाड पांढरा लेप. तो बदलावाच लागला.

घरात गीझरसाठी बसवलेला सॉफ्टनर होता, पण टेरेसचा नळ त्यावर नव्हता. म्हणून बाथरूममधून पाइप ओढून ६३० लिटर सॉफ्टनरचं आणि ४७० लिटर बोअरचं पाणी भरलं. कठीणपणा १८० आला. पाइपातलं पहिलं पाणी बाहेर सोडून दिलं, कारण उन्हात पडलेल्या बागेच्या पाइपातही तसाच पापुद्रा असतो. पाइपाचं तोंड फिल्टरच्या खड्ड्यात ठेवलं, म्हणजे पंपात हवा अडकत नाही.

सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, अल्कलिनिटी नाही. ती २६०च राहिली. तिथे घाई चालत नाही. ड्राय ॲसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट, १०० ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून टबात ओतायचं. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडवर कधीच नाही. पीएच घसरतो. मग झाकण उघडं ठेवून हवेचे कान उघडून जेट चालवायचे. कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच परत चढतो, पण अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. पुन्हा १०० ग्रॅम. दोन दिवसांत पाच वेळा केलं. पाचव्या वेळेनंतर अल्कलिनिटी ८०, आणि रात्री जेट थांबवले तेव्हा पीएच ७.४. लँजेलिअरची बेरीज बरोबर शून्य आली. इतकी नेमकी ती नेहमी येत नाही.

क्लोरिनसाठी टीसीसीए बंद, साधं सोडियम हायपोक्लोराइट सुरू. लहान कॅन आणायचा, सावलीत ठेवायचा, महिन्याभरात संपवायचा, कारण आपल्या उष्णतेत त्याची ताकद उतरत जाते. ब्रोमिन या तापमानाला चांगला टिकतो आणि पर्याय म्हणून चांगला आहे, पण मामांना पौडमध्ये सहज मिळेल असं औषध मला हवं होतं. माप असं ठरलं: बसण्याआधी क्लोरिन ३ ते ५ आहे ना ते बघायचं. बसून झाल्यावर दर माणसामागे, वीस मिनिटांना, ३० मिली. दुसऱ्या सकाळी ३च्या खाली आला तर मात्रा वाढवायची. औषध टाकल्यावर झाकण अर्धा तास उघडं. मेन स्विच कधीच बंद नाही. वीज वाचवायची तर तापमान खाली आणा, पंपाचे फेरे चालू राहू द्या. पाच वर्षांखालचं मूल टबात नाही. टबात उतरण्याआधी साबणानं अंघोळ. अभ्यंगाच्या दिवशी टबाला सुट्टी, हे काकूंनीच ठरवलं.

पाणी कधी बदलायचं, याचा माझा ठोकताळा सोपा आहे. लिटरना १२ ने भागायचं, तितक्या माणसांच्या बैठका झाल्या की पाणी बदलायचं. ११०० ला ९२ येतात. कमी वापर असला तरी तीन-चार महिन्यांच्या पुढे न्यायचं नाही. मामांना मी हे भागाकाराशिवाय सांगितलं: एक माणूस बसला की वहीत एक रेघ. नव्वद रेघा झाल्या की मला फोन.

ती वही आता शेडच्या खांबाला सुतळीने बांधलेली आहे. पाच-पाच रेघांचे जुडगे, शेजारी पीएच आणि क्लोरिनचा आकडा. संक्रांतीला पाहुणे आले तेव्हा एका दिवसात अकरा रेघा होत्या आणि पुढे मामांच्या अक्षरात "औषध दोनदा". माघात नव्वदावी रेघ पडली तेव्हा रात्री आठ वाजता फोन आला. "सायेब, भरल्या बघा." दुसऱ्या दिवशी जाऊन नळ्या पुन्हा धुतल्या. या वेळी फेस पांढराच राहिला, पापुद्रे अगदी किरकोळ आले, तेही पायाकडच्या त्या एका जेटमधूनच. त्याचा प्रवाह अजून बाकीच्यांपेक्षा कमी आहे. मागचं पॅनेल उघडून ती नळी काढून बघायची आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी आणखी जड होईल, तेव्हा सॉफ्टनरचा वाटाही पुन्हा मोजावा लागेल.